डाव्या हाताचा सेट

हॉलमध्ये ड्रम लावायचं काम तीस वर्षं एकट्या काकांचं. मधे कुणी बोललं की ते अंगावर यायचे, म्हणून सगळे चार हात लांबच राहायचे. त्यांना गप्प करणारी एकच, त्यांची लेक. नऊ वर्षं तीच तिथे वाजवायची. चार महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

आज तिच्या जागी आलेल्या नव्या बाईंचा पहिला कार्यक्रम होता. काकांनी सकाळीच ड्रम मांडले, चावीने समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले आणि चहूबाजूंनी सारखा आवाज येईपर्यंत कान लावून सूर जुळवला.

बाई येऊन बसल्या आणि थबकल्या.

"काका, हा डावखुऱ्या माणसाचा सेट लागलाय."

काकांनी सेटकडे पाहिलं. लेक डावखुरी होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हॉलमध्ये हे त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ड्रम आणि झांजांचे स्टँड इकडचे तिकडे केले, सूर पुन्हा तपासला.

"स्टूल जरा उंच होतंय. खाली कराल?"

लेकीच्या उंचीला लावलेल्या त्या स्टूलच्या स्क्रूला काकांनी हात लावला आणि मागे घेतला.

"तेवढं तुमचं तुम्ही करा," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.