करुणाने काहीच लपवू दिलं नाही

ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले, तर दाराशी करुणाचा भाऊ मिलिंद उभा होता. "ताई, गेली आपली करुणा," एवढंच म्हणाला.

महिना उलटून गेला. लोक तिच्याविषयी हळव्या आवाजात बोलतात तेव्हा मला राग येतो. करुणा हळवी नव्हती, भांडखोर होती... आणि तिच्या भांडणांमुळे या जिल्ह्यातली कितीतरी माणसं आज चालतीफिरती आहेत.

ती मूळ दिग्रसची, सूक्ष्मजीवतज्ज्ञ. मी भूलतज्ज्ञ. यवतमाळच्या एकाच रुग्णालयात आम्ही लागलो ते कपाशीचे वाईट दिवस होते. फवारणीच्या हंगामात विषबाधा झालेले मजूर एकामागून एक येत आणि व्हेंटिलेटरची खाट रिकामी राहत नसे. असाच झरी जामणीकडचा एक तरुण मजूर आला. विष उतरलं, तो बायकोला ओळखू लागला... आणि मग न्यूमोनिया झाला. आम्ही प्रतिजैविकं बदलत गेलो, एकही लागू पडलं नाही. करुणाने त्याच्या कफातले जंतू वाढवून तपासले. आमच्या जवळपास प्रत्येक औषधाला ते पुरून उरत होते. तसलेच जंतू तिला वॉर्डातल्या नळाच्या तोटीवरही सापडले.

तो दगावल्यावर वरिष्ठ म्हणाले, "मृत्यूचं कारण फवारणीची विषबाधा, एवढंच लिहा."

"विषातून तो वाचला होता, सर. आपल्या वॉर्डातल्या जंतूंनी मारलं त्याला," करुणा म्हणाली.

"बाहेर कळलं तर इथे कोण येईल?"

"नाही कळलं तर येतील आणि मरतील."

लगेच तिला प्रयोगशाळेतून काढून रक्तपेढीत बसवलं. ती बसली, पण सुट्टीच्या दिवशी एस्टीने पुसद, दिग्रसच्या दवाखान्यांत जाऊ लागली. "तुमच्याकडे कोणतं औषध हरलंय ते मला सांगा, आमच्याकडचं मी सांगते. पेशंट तर इकडून तिकडे फिरतातच," असं प्रत्येक डॉक्टरला समजावायची. एकजण म्हणाले, आमच्याकडे असले जंतूच नाहीत. "मग तुमचा सत्कारच करायला हवा," म्हणाली आणि हललीच नाही. शेवटी त्यांनीही नमुने पाठवले. वरिष्ठ बदलले, नव्यांनी तिला प्रयोगशाळा परत दिली. आमचा वॉर्ड बंद करून धुतला गेला, नळ बदलले, आणि कुठल्या जंतूंपुढे कोणतं औषध हरलं याचा सगळ्या दवाखान्यांचा एकत्र तक्ता दर महिन्याला निघू लागला. पुढच्या हंगामात व्हेंटिलेटरवरून उठून घरी जाणारे वाढले. सगळे नाही वाचले, पण वाढले.

मग तिलाच रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांत ताप भरला, तेव्हा नव्या डॉक्टरने सरळ सगळ्यात जहाल प्रतिजैविक आणलं. तिने हात आडवा धरला. "आधी कल्चरला रक्त घे, कोणते जंतू आहेत ते कळू दे. मग दे." त्याने घेतलं. अहवाल येण्याआधी ती गेली.

अहवाल आला त्या दिवशी मिलिंद तिचं सामान न्यायला प्रयोगशाळेत आला होता. तिथली तंत्रज्ञ शबाना अडखळत म्हणाली, "मॅडमच्या रक्तातले जंतू पण तसलेच निघाले. तक्त्यात घ्यायचे का?" तिथे उभे असलेले आमचे आताचे वरिष्ठ हळूच म्हणाले, "हा एक राहू द्या."

मिलिंदने विचारलं, "कायचा तक्ता?" मी सांगितलं. तो करुणाच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिला.

"लिहा," तो म्हणाला. "तिनं कोनाचंच लपवू देल्लं नाई. मंग तिचं काहून लपवाचं?"

शबानाने ते स्टूल पुढे ओढलं, त्यावर बसली आणि लिहू लागली.