बुलबुलतरंगाचे दोन नंबर

बीडला नवे नवे कॉम्प्युटर क्लास निघाले होते. मी डिप्लोमा केला आणि आमच्या समाजाच्या वधूवर मंडळात कामाला लागले. तिथं दर स्थळाला एक नंबर. नंबर टाकला की हॅश, म्हणजे नंबरावरून जागा काढणारी कॉम्प्युटरची युक्ती, सरळ त्या नंबराच्या खणात हात घालायचा आणि सगळी माहिती पुढ्यात. पण नंबर कुणाच्या बापाला पाठ असतोय? लोक यायचे आणि म्हणायचे, "आडतवाले, शिकलेले, जरा उंच, असं बघा की." म्हणून मी माहितीतल्या शब्दाशब्दाची सूची केली आणि ती हॅशला जोडली. शब्द टाकला की तो ज्या ज्या स्थळात असेल त्यांचे नंबर सूची देणार, आणि नंबरावरून खण उघडणार.

जोडणी झाली तेव्हा मी लई खुशीत होते. तपासायला एकाच खणात सापडेल असा शब्द हवा होता. माझ्याकडं तो तयारच होता: बुलबुलतरंग. माझा साखरपुडा माजलगावच्या ज्या मुलाशी झाला होता, तो ते वाजवायचा. साऱ्या जिल्ह्यात दुसरं कोण वाजवतंय!

दोन नंबर आले.

अगं बाई, चुकलं कुठंतरी! सूची पुसली, नव्यानं बांधली. तरी दोनच. पहिला उघडला, तो. दुसरा उघडला, तोच! नाव तेच, मोंढ्यातला आडतीचा गाळा तोच. दुसरं स्थळ साखरपुड्यानंतर नोंदवलेलं. त्याच माणसाला नवा नंबर दिला तरी हॅशला काय त्याचं, नवा खण उघडून मोकळा. खाली अपेक्षा होती: मुलगी गोरी, नोकरी न करणारी. मी सावळी, आणि नोकरी तर हीच.

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "मशीन चुकलं असंल." कॉम्प्युटर कधी चुकत न्हाई, हे गल्लीभर सांगत फिरणारे हेच! तरी सकाळच्या एसटीनं ते माजलगावला गेले. ती माणसं म्हणाली, "दुसरीकडं बघून ठेवलं, त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! अजून आठवलं की डोकं भणभणतं. वडील लग्न मोडूनच परतले.

आई माझ्याकडं बघत म्हणाली, "कावून शोधायला गेलतीस गं तू?"

तपासायला दुसरे कितीतरी शब्द होते. मला त्याचं नाव पडद्यावर आलेलं बघायचं होतं.