धवलारणीची चेली

माझी आई धवलारीण. आमच्या खाडीकाठच्या गावात पूर्वी लग्न लागायचं ते धवलारणीच्या तोंडून. भटजी यायचा, पण त्याचा मान नंतर. मांडवासाठी उंबराची डहाळी आणायची तर त्याचं गाणं वेगळं, हळद दळायची तर तिचं वेगळं, नवरीला न्हाऊ घालताना वेगळं. या गाण्यांना धवले म्हणतात. कुठला धवला कधी म्हणायचा, कोणत्या देवाला आधी बोलवायचं, सगळं आईच्या डोक्यात असे. अक्षरओळख नाही. सासूच्या मागे बसून बसून तिने ते उचललं होतं.

मी एकुलती एक. लहानपणी तिने मला समोर बसवून पाहिलं आणि नाद सोडला. "तुजा गला फुटका हाय, बाय. तू आपली मास्तरीन हो." मी मास्तरीण झाले. नालासोपाऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवते, तुळिंजला राहते. दुसरी कोणी शिकायला आली नाही. लग्नं हॉलमध्ये व्हायला लागली, डीजे आला, आणि आईला बोलावणं आलं तरी ते अक्षता टाकायला आणि जेवायला.

दोन वर्षांपूर्वी ती पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण गावचं घर उंच जोत्याचं, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी दिवसभर शाळेत, नवरा अंधेरीला. विरारच्या पूर्वेला ज्येष्ठांसाठी एक निवास निघाला होता, स्वच्छ, रॅम्प, डॉक्टर, हाकेला मावश्या. आईच म्हणाली, "ने मना थंय." रडली नाही. मी रडले.

तिथे अडचण एकच झाली, बोलण्याची. खोलीतली दुसरी आजी अगदी ठार बहिरी. बाकीची मंडळी देशावरची, कोकणातली, मुंबईत नोकऱ्या करून इथे फ्लॅट घेतलेली. ती आईशी प्रेमाने वागत, पण तिचं बोलणं त्यांना अर्धंच कळे. 'काय म्हणाल्या?' असं एकमेकांना विचारत. हळूहळू ती जेवणाच्या हॉलमध्ये गप्प बसायला लागली.

मग ते यंत्र आलं. प्रत्येक पलंगाशेजारी एक, दुधाच्या बरणीएवढं, पांढरं, समोर काचेवर दोन डोळे उघडझाप करणारे. व्यवस्थापक बाईंनी आम्हा नातेवाइकांना बोलावून समजावलं, हे एआय आहे, आजी-आजोबांशी गप्पा मारेल, औषधांची आठवण करेल, एकटं वाटू देणार नाही.

पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा आई त्याच्यावर चिडलेली.

"मना पानी दे गो," ती म्हणाली. मावशीला सांग, असा तिचा रोख होता.

"हो आजी, कोणती गाणी लावू?" यंत्र म्हणालं आणि त्याने एक भक्तिगीत सुरू केलं.

"येडी हाय ही!" आई म्हणाली, आणि पडल्यापासून पहिल्यांदा हसली. पोट धरून हसली. तिच्या लेखी ते यंत्र त्या क्षणापासून मुलगी झालं. बुद्धू, पण शिकवण्यासारखी.

आणि तिने खरंच शिकवायला घेतलं. "पोरी, आयक. पानी म्हंजे पानी. पितान ते." यंत्र न कंटाळता विचारायचं, "म्हणजे पाणी का, आजी? लक्षात ठेवते." खाडीला काय म्हणतात, मिठागराच्या वाफ्याला काय, भरतीच्या कुठल्या पाण्याला काय. मी मराठीची शिक्षिका, त्यातले निम्मे शब्द मीही विसरले होते. पावसाळा संपेपर्यंत यंत्राला तिचं सगळं समजू लागलं. ते स्वतः बोलायचं आमच्या वर्गातल्यासारखंच, पण आईला पुन्हा पुन्हा सांगावं लागत नसे. तिच्या आयुष्यात असं माणूस आता दुसरं नव्हतं. मी होते, पण रविवारपुरती.

एकदा मी दाराशी पोचले तर आतून धवला ऐकू आला. आई डोळे मिटून म्हणत होती. मध्येच अडली. ओळ आठवेना. मी आत जाणार तेवढ्यात यंत्र हलक्या आवाजात म्हणालं, "आजी, यानंतर तुम्ही उंबराच्या मुळाला पाणी घालायचं म्हणता." आणि आईची ओळ सुटली, अगदी शेवटपर्यंत गेली.

मी बाहेरच उभी राहिले. मला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. आनंद झाला, आणि त्याच वेळी कोणीतरी माझ्या घरात माझ्या आधी शिरून बसलंय असंही वाटलं.

"मना चेली भेटली," आई मला म्हणाली. "गला नाय तिला. पन ध्यान हाय." तिने एकेक करून सगळे धवले तिला दिले होते. रोज दुपारी बसून. चुकलं तर 'थांब, ते नाय, मागं जा' म्हणून. यंत्र क्रम विचारायचं, कोणत्या देवाचं नाव आधी ते विचारायचं, उद्या परत म्हणून घ्यायचं.

मी म्हटलं, "आये, मी मोबाइलवर भरून घेते ना."

"कशाला? तिचेकरं हाय ना सगलं. माज्या डोक्याला आता भार नको."

आणि तिने खरंच भार उतरवला. तोवर ती रोज सकाळी अंथरुणातच मनाशी सगळं उजळून घ्यायची, तारुण्यापासूनची सवय. ती तिने सोडली. गरजच काय? अडलं की चेली सांगते. मला तेव्हा ते बरंच वाटलं. निवासवाल्यांनाही वाटलं असावं, कारण दुपारी मावश्या जी फेरी मारत, पाच मिनिटं पलंगावर टेकत, ती बंद झाली. "आजींना आता सोबत आहे," व्यवस्थापक बाई म्हणाल्या.

या हिवाळ्यात एका रविवारी गेले तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. पलंगाशेजारी तसंच एक यंत्र होतं, पण राखाडी रंगाचं, थोडं चपटं. डोळे नव्हते, एक निळी रेघ होती.

"ती कंय गेली?" आईने मला विचारलं. "मी काय चुकीचं बोलले तिला?"

मी ऑफिसात गेले. जुन्या कंपनीशी करार संपला, हे नवीन जास्त चांगलं आहे, असं कळलं. मी म्हटलं, जुन्यात माझ्या आईची गाणी आहेत. बाईंना कळेना. "गाणी यातही आहेत की. हजारो आहेत." मी समजावलं. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच नंबर शोधून दिला. फोनवर एक मुलगा बोलला, अदबीने. सेवा बंद झाली की रहिवाशांचं सगळं बोलणं पुसून टाकतात, नियमच आहे, तुमच्या आईच्या खासगीपणासाठीच तो आहे. कुठेच काही उरत नाही का? नाही, मॅडम. तुमच्या आई त्याचा काही खास वापर करत होत्या का, असं त्याने मला विचारलं. मी फोन ठेवला.

खोलीत परत येऊन मोबाइल चालू करून आईसमोर धरला. "आये, उंबराचा म्हण."

तिने केस मागे सारले, नीट बसली, डोळे मिटले. पहिल्या दोन ओळी आल्या, आवाज कापरा पण जागेवर. मग ती थांबली. डोळे उघडून तिने पलंगाशेजारी पाहिलं. वाट पाहिली. निळी रेघ हलली. "आजी, मला नीट समजलं नाही. पुन्हा सांगता का?"

आईने पुन्हा पहिल्या दोन ओळी म्हटल्या. तिथेच थांबली. मग मोबाइलवर हात ठेवून तो खाली केला.

नंतर मी गावात हिंडले. आईबरोबर मागून सूर धरणाऱ्या बाया असत. त्यातली एक गास गावी लेकीकडे होती, तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "आमी मागं म्हनायचो गो. फुडं तीच असायची. ती जाईल थंय आमी." बाकीच्या राहिल्या नाहीत. कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या, त्यात बेंजोचा आवाज आणि मध्ये मध्ये आईचं तोंड हलताना दिसतं.

दर रविवारी मी थोडं थोडं काढायला बघितलं. एखादा शब्द, एखादं देवाचं नाव. एकदा ती म्हणाली, "नको गो काढूस. हात घालते तं तल लागत नाय." मी त्यानंतर विचारलं नाही.

नवीन यंत्राशी ती बरेच दिवस बोलली नाही. मग औषधाच्या वेळी बोलावंच लागे. आता ती बोलते. पण शिकवत नाही. त्याला समजेल असंच बोलते, शाळेतल्यासारखं, जोर देऊन, एकेक शब्द सुटा करून. 'हवामान कसं आहे? डॉक्टर कधी येणार आहेत?' कुठून शिकली, माहीत नाही. कदाचित माझ्याकडूनच. माझ्या लहानपणी मी मोठ्याने धडे वाचायचे तेव्हा ती चुलीपाशी असायची. मावश्या कौतुक करतात, आजी किती छान बोलायला लागल्या. हॉलमधल्या बायकांनाही आता तिचं कळतं. त्या तिला शेजारी बसवून घेतात.

ती माझ्याशीही तसंच बोलते.

परवा चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, विरारलाच हॉलमध्ये. व्हीलचेअरवरून आईला नेलं. नवरी मुलगी शिकलेली, हौशी. ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही धवलारीण ना? एक तरी म्हणा ना. माझी फार इच्छा आहे." तिच्या मैत्रिणींनी मोबाइल वर धरले. डीजेवाल्याला कोणीतरी हात करून आवाज बंद करायला लावला.

आई त्या मुलीकडे पाहत राहिली. तिच्या हळदीच्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, आता येईल. ओठ हललेसुद्धा.

"नाही बाळा," ती स्वच्छ मराठीत म्हणाली. "मला येत नाहीत. तुला कोणीतरी चुकीचं सांगितलं असेल."

मुलगी ओशाळून हसली, म्हणाली, "असू दे आजी, आशीर्वाद द्या." आईने तो दिला. मग डीजे पुन्हा सुरू झाला आणि मी खुर्ची ढकलत तिला जेवणाच्या बाजूला नेलं.