बापूरावांच्या पेटीतला कागद

धानाच्या बांधीत रोवणी करताना कुणी वावगं बोललं की सुगंधाबाई चिखलाच्या हातांनीच त्याची हजेरी घ्यायची. तिच्या तोंडी लागायला गडीमाणसंही बिचकायची. पण त्या दिवशी पोलीस पाटील बापूरावांच्या ओसरीवर ती हातातला कागद वाचत उभी होती.

चौऱ्यांशी सालचा मे महिना, तेंदूपत्त्याचा हंगाम. तिची बारा वर्षांची प्रेमिला रोज पानांचे पुडे घेऊन फळीवर जायची, ठेकेदाराचा माणूस पानं मोजून घ्यायचा तिथं. नवा मुनशी मनसाराम दोन दिवस पोरीला सांगत होता, "सगळे गेल्यावर थांब, पुडे पुन्हा मोजू." पोर घाबरून पळत घरी आली, तर सुगंधानं तिलाच कामचुकार म्हणून झापलं होतं.

प्रेमिलाला वसतिगृहात घालायचं म्हणून ती रहिवासाचा दाखला मागायला आली होती. शिक्का शोधता शोधता बापूरावांनी पेटीतले कागद धरायला म्हणून तिच्या हाती दिले. मजुरी करणारी बाई वाचू शकेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. वस्तीतल्या विहारात चौथीपर्यंतची पुस्तकं शिकलेली सुगंधा वरचाच कागद वाचत होती. पोलीस ठाण्याचा शिक्का, खाली मनसारामचं नाव. 'लहान मुलीवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात सात वर्षे शिक्षा भोगून सुटला असून आपल्या गावी राहण्यास आला आहे. पुन्हा गुन्हा करण्याचा संभव. नजर ठेवावी.' तारीख जानेवारीची.

"पाटील, हे गावाले काऊन नाई सांगतलं?"

बापूराव चपापले. "गुपित कागद आहे तो, बाई. सजा भोगली त्यानं. उगाच गावाची बदनामी. मी नजर ठेवून राह्यलो ना."

"तुमची कुंता औंदा फळीवर काऊन येत नाई?"

बापूराव पुन्हा शिक्का शोधू लागले. दरवर्षी प्रेमिलाच्या जोडीनं पानं तोडणारी त्यांची नात यंदा घरातच होती. आमच्या पोरींसोबत नातीला पाठवायची लाज वाटत असेल, असं सुगंधाला वाटलं होतं. आता तिच्या अंगाचा तिळपापड झाला. यानं स्वतःची पोर तेवढी वाचवली, आणि माझी पोर त्या माणसापुढे रोज जाऊ दिली!

ती घरी आली. गावची दवंडी पिढ्यानपिढ्या तिच्याच सासरचे देत आले होते. छप्पन साली दीक्षा घेऊन परतल्यावर सासरे सोमाजी यांनी पाटलाच्या ओसरीवर हलगी ठेवली, ती कायमची. त्या घरात दवंडीचं नाव काढणं म्हणजे म्हाताऱ्याचा अपमान. तरी तिनं काढलं.

सोमाजींनी कागदाची सगळी हकिगत ऐकली. मग काठी घेऊन उठले.

"दुसऱ्याच्या हुकमाची दवंडी सोडली होती आपण. तोंड नाई सोडलं. चाल."

सुगंधानं घमेलं घेतलं, त्यावर विळ्याची मूठ हाणली. पुढे म्हातारा, मागे सून. "ऐका हो! फळीवरचा मनसाराम पोरीवर अत्याचार करून सात वर्षं जेलात होता. ठाण्याचा कागद जानेवारीपासून पाटलाच्या पेटीत आहे. त्यानं आपली नात घरी ठेवली. तुमच्या पोरींचं तुमी पाहा!" बौद्धपुरा, ढिवरपुरा, शेवटी पाटलाची गल्ली. एकही घर तिनं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळीवर पोरी गेल्याच नाहीत. बाया गेल्या, विळे घेऊन. मनसाराम दुपारच्या एसटीनं जिवतीकडे पळाला. तिकडच्या कुठल्या पेटीत आता त्याचा कागद पडून असेल, या विचारानं सुगंधाचा जीव आजही जळतो.

आठवड्यानं ठाण्याचा दुसरा कागद आला. सुगंधाबाई, शांतताभंग करणारी, नाव नोंदवलं आहे, नजर ठेवावी. हा मात्र बापूरावांनी पेटीत ठेवला नाही. चावडीवर सारा गाव जमवून खड्या आवाजात वाचला.

सुगंधा पुढे झाली. "माझं नाव वाचाले आवाज फुटला तुमाले, पाटील," ती म्हणाली. "त्याचं वाचाले पाच महिने काऊन नाई फुटला?"