मंग दिल्ली कोणाले विचारते?

"तुहे भाऊजी बोलून नाही राह्यले," ताई फोनवर म्हणाली. बस, एवढंच. उठत नाहीत, श्वास नाही, असं काही ती म्हणाली नाही. सकाळची कॉलेजला निघायची घाई, एका हातात चप्पल, आणि मी तशीच दारात उभी... कारण प्रल्हाद भाऊजी बोलत नाहीत याचा अर्थ एकच होता. झोपेतही बोलणारा माणूस तो. मी यवतमाळहून कळंबला पोचेपर्यंत दारात माणसं जमली होती आणि सगळी हळू आवाजात बोलत होती. त्या घरात हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांनी त्यांच्याबद्दल चांगलं सांगितलं. समाजासाठी झटले, मनमिळाऊ होते, वगैरे. खरंच होतं, पण मला बसल्या जागी चुळबूळ होत होती. भाऊजी मनमिळाऊ नव्हते हो, भाऊजी म्हणजे धिंगाणा होता. कळंबच्या बाजारात त्यांचं कृषी केंद्र, बियाणं, खत, फवारणीची औषधं. पण ओळख दुकानाची नव्हती, शंकरपटाची होती. बैलजोड्या सुटायच्या वेळी भोंग्यावर जो आवाज लागतो, तो आसपासच्या सगळ्या पटांत त्यांचाच. जोडी सुटली की हा माणूस असा काही बोलायचा, की ज्यांना बैलातलं ओ की ठो कळत नाही तेही टाचा उंचावून बघायचे. मी त्यांची एकुलती एक साळी, त्यामुळे चिडवायचा हक्क माझाच. "भाऊजी, बैल पळतात ते शर्यतीसाठी नाही, तुमच्या आवाजापासून लांब जायला," मी म्हणायची. ते खूश व्हायचे. कोर्टाच्या निकालाने पट बंद पडले तेव्हा ते आजारी माणसासारखे दिसायला लागले होते. दुकानात गिऱ्हाइकाला युरियाचं पोतं देतानाही समालोचन सुरू असायचं.

त्याच सुमारास कपाशीचे ते वाईट दिवस आले. बोंडअळी पुन्हा फिरली, कास्तकार फवारणीवर फवारणी करत सुटले, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी औषधाच्या एका नव्या डब्याचं नाव. डबा बाहेरच्या देशातून यायचा, भाऊजींच्या दुकानात सगळ्यात जास्त तोच खपायचा. रूपराव हा त्यांचा जुना मित्र. पटात भाऊजींची जोडी हाकायचा तो रूपरावच, एरवी लोकांच्या शेतात फवारणीला जायचा. एक दिवस फवारता फवारता त्याला दिसेनासं झालं. यवतमाळच्या दवाखान्यात तो पडून होता, डोळे उघडे, आणि समोर उभ्या बायकोला "कोण हाये?" विचारत होता. भाऊजी रोज एसटीने यायचे, त्याच्या उशाशी बसायचे आणि संध्याकाळी माझ्याकडे चहाला. दुकानातून तो डबा त्यांनी उतरवला होता. "मी नाही विकलं तर समोरचा विकते. त्यानं नाही विकलं तर त्याच्या पल्याडचा. कोठं अडवावं याले?" हेच एक घोकत राहायचे.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तेव्हा नेमकं मला रसायनांच्या आयात-निर्यातीच्या नियमांवर भाषण करायचं होतं, म्हणून टेबलावर कागद पसरले होते. खरं सांगायचं तर वाचून जांभया येत होत्या. भाऊजींनी विचारलं, काय आहे, म्हणून मी सांगितलं. एखादं विषारी औषध एका देशाने स्वतःच्या शेतात बंद केलं आणि तरी बाहेर विकायला काढलं, तर ज्या देशात पाठवायचं त्याला आधी कळवावं लागतं, धोके सांगावे लागतात. आणि त्यातली जी औषधं सगळ्यांनी मिळून यादीत घातली आहेत, ती तर त्या देशाने हो म्हटल्याशिवाय पाठवता येत नाहीत. भाऊजींनी कप खाली ठेवला.

"म्हणजे आपल्याले विचारतात?"

"आपल्याला म्हणजे दिल्लीला."

"मंग दिल्ली कोणाले विचारते?"

मी उत्तरासाठी कागद चाळायला लागले. पण भाऊजी उठून उभे राहिले होते, डोळे लकाकत होते, आणि पट बंद झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात ती जुनी धार आली. त्या कागदांतला एक एक नियम त्यांनी माझ्याकडून वदवून घेतला. त्यात एक असाही निघाला, की आपल्याकडच्या वापराच्या परिस्थितीत एखादं औषध घातक ठरत असेल तर आपला देश तसं जगाला कळवू शकतो, बंदरातूनच परत लावू शकतो. "आपली परिस्थिती म्हणजे काय, तर भादव्याचं ऊन, खांद्याएवढी पऱ्हाटी अन् आपला रूपराव," ते म्हणाले, "हे दिल्लीले कोणी दाखवलं काय?" पुढचे महिने त्यांनी अर्ज, भेटी, फोन यांचा असा धडाका लावला की ताई वैतागून मला म्हणाली, "तूच याहीले वेड लावलं, आता तूच ने याहीले तुह्या घरी."

आणि खरोखर समिती आली. त्या डब्याच्या आयातीची परवानगी वाढवायची की नाही, हे ठरवण्याआधी जिल्ह्यात येऊन ऐकायचं, असा तिचा दौरा होता. प्रमुख होत्या एक पिकलेल्या केसांच्या बाई, कमी बोलणाऱ्या, मराठी चांगलं समजणाऱ्या. सुनावणीत कंपनीचा माणूस उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, औषधात दोष नाही. डब्यावर लिहिलंय, हातमोजे, चष्मा, मास्क, अंगभर कोट घालून फवारा. हे लोक घालत नाहीत, त्याला आम्ही काय करणार? मला संताप आला, पण डब्यावर तसं लिहिलेलं होतंच. भाऊजी मागून ओरडले, "उद्या माह्या वावरात या साहेब. तुमच्या किटमंधी फवारून दाखवतो. किती वेळ टिकते ते पाहू." बाई म्हणाल्या, येऊ.

बेत चांगला होता. डब्यांसोबत फुकट आलेले किट दुकानाच्या माळ्यावर पडले होते, ते झटकले. पंपात औषधाऐवजी साधं पाणी, आणि त्यात कपड्यांची नीळ टाकायची, म्हणजे कुठे कुठे उडतं ते दिसेल... ही अक्कल माझी. भादव्याच्या उन्हात गडी ते किट अर्धा तासही सहन करणार नाहीत, एक एक जण काढून टाकेल आणि समितीला कळेल की लिहिलेलं पाळताच येत नाही. बरा झालेला रूपरावही हट्टाने आला. एवढं सगळं नीट ठरलेलं, आणि भाऊजींनी ट्रॉलीवर भोंगा लावला.

लोकांना सांगायला म्हणून लावला होता म्हणे. पण त्या भोंग्यातून तो आवाज कितीतरी दिवसांनी निघाला आणि शेजारच्या गावांतून मोटारसायकली सुटल्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, माणसं दाटली, भजेवाला आला. कंपनीचा माणूस टोपी घालून उभा, बाई निंबाखाली खुर्चीवर. गडी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, एकेका ओळीला लागले आणि भाऊजींनी सुरुवात केली, "तर समितीच्या साहेबांनी लक्ष द्यावं, गड्यांले गरमी होऊन राह्यली..." पहिली दोन वाक्यं ठीक गेली. मग रूपराव थोडा पुढे निघाला. माझ्या डोळ्यांदेखत भाऊजींचा चेहरा बदलला. "रूपराव निंघाला... अरे पाय, पाय, रूपराव निंघाला... मांगं कोण येते ते नाही पाहाचं, दम नाही सोडाचा..." संपला विषय. धुऱ्यावरून शिट्ट्या, "हान रूपराव, हान!" पटाचा हाकणारा तो, रक्तच तसलं. कोणीही मास्क काढेना, कोणीही थांबेना. जो काढेल तो हरला असं कधी ठरलं ते कोणालाच कळलं नाही. मी ट्रॉलीजवळ जाऊन भाऊजींचा शर्ट ओढला, त्यांनी मला हाताने बाजूला केलं. आणि खोटं कशाला बोलू, रूपराव शेवटच्या झाडाशी पोचला तेव्हा मीही ओरडत होते.

रूपराव पूर्ण किटमध्ये, मास्क तोंडावर, दोन्ही हात वर करून उभा. भाऊजींनी त्याचं नाव भोंग्यावर तीनदा पुकारलं. तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या... कंपनीचा माणूस टाळ्या वाजवत होता. "बघा मॅडम," तो बाईंना म्हणाला, "घालता येतं. मनावर घेतलं तर सगळं येतं." भाऊजींच्या हातातला माईक हळूहळू खाली आला. एवढ्या गर्दीत भाऊजी मला एकटे दिसले. बाई खुर्चीवरून उठल्या होत्या, त्यांना नागपूरला निघायचं होतं. म्हणजे परवानगी वाढणार, पुढच्या हंगामात तोच डबा येणार आणि याच गड्यांच्या पाठीवर चढणार.

भाऊजी धावत गेले. हात जोडले. "बाई, चुकी माही हाये. हा पट झाला, फवारणी झालीच नाही. उद्या एक दिवस द्या. भोंगा नाही, माणसं नाही. मी तोंडसुद्धा उघडत नाही."

"तुम्ही?" बाईंनी विचारलं आणि त्या हसल्या. पण थांबल्या. कंपनीचा माणूस म्हणाला, मीही दिवसभर बसेन, कोणी गड्यांना खाणाखुणा केल्या तर चालणार नाही.

तो दुसरा दिवस मी कधी विसरणार नाही. रोजच्या मजुरीसारखं काम सुरू झालं. पंपांची करकर आणि होले घुमण्याचा आवाज, बाकी काही नाही. भाऊजी धुऱ्यावर दुपट्टा तोंडाला गुंडाळून बसले. बाकीच्या गड्यांचे हातमोजे लवकरच धुऱ्यावर आले, पण रूपराव... रूपराव काल जिंकलेला. तो काढायलाच तयार नाही. ओळीच्या टोकाशी आला की भाऊजींकडे बघायचा, आता काय करू म्हणून. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. भाऊजी खाली बघून गवत उपटत राहिले. ऊन डोक्यावर आलं. रूपरावचा चष्मा वाफेने भरला, तो एका झाडावर धडकला. थांबला, चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा भरला. मग त्याने चष्मा काढून खिशात टाकला. थोड्या वेळाने मास्क गळ्यात आला. पुढे कोटाची बटणं. कोणी पाहतंय हेही तो विसरला होता, नुसतं काम करत होता. निंबाखाली कंपनीच्या माणसानेही केव्हाच टाय सैल केला होता.

काम संपल्यावर बाईंनी रूपरावला जवळ बोलावलं. त्याची मान निळी, ओठ निळे, आणि दोन्ही डोळ्यांभोवती निळी कडी. बाई कितीतरी वेळ त्या डोळ्यांकडे बघत होत्या. "हे औषध असतं तर?" असं कोणी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. त्यांनी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं. तेव्हा भाऊजींनी दुपट्टा सोडला आणि लहान पोरासारखं विचारलं, "बोलू काय आता?"

बाई म्हणाल्या, बोला. आणि त्या माणसाला बोलताच येईना. ते रूपरावच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले, आणि रूपराव आपल्या निळ्या हातांनी त्यांची पाठ थोपटत होता.

काही महिन्यांनी निर्णय आला, तो डबा आता देशात उतरणार नाही. भाऊजींनी ऑटोवर भोंगा बांधून कळंबच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या. चिंतामणीच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या लोकांना वाटलं, कोणी निवडणूक जिंकली. ताई दारात उभी राहून कपाळावर हात मारत होती आणि हसत होती. इतका आनंदी माणूस मी तरी पुन्हा पाहिला नाही. एक डबा गेला म्हणजे सगळी विषं गेली असं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून त्यानंतर त्यांनी दुकानात एक पद्धत पाडली. नवं औषध घेऊन कोणी विक्रेता आला, की डब्यावर जे जे घालायला सांगितलंय ते त्याने स्वतः घालून दुकानासमोरच्या बाकावर बसायचं. तोपर्यंत भाऊजी फवारणाऱ्या चार जणांना बोलावून औषध दाखवायचे, विचारायचे, मग ठरवायचे.

मागच्या आठवड्यात मी ताईकडे गेले होते. आता गल्ल्यावर ती बसते. आयुष्यभर भाऊजींच्या आवाजात जिचं बोलणं ऐकूच आलं नाही, ती माझी ताई. नागपूरहून एक नवा मुलगा आला, भाऊजींबद्दल दोन शब्द हळहळला आणि पिशवीतून चकचकीत डबा काढला. "बाहेरचा माल आहे काकू, एकदम पॉवरफुल." ताईने डबा फिरवून पाहिला. मग उठली, आतून किट आणून त्याच्यापुढे ठेवलं आणि बाकाकडे बोट दाखवलं. बिचाऱ्याला वाटलं गंमत आहे, घालून बसला. समोरून रूपराव सायकल ढकलत आला आणि त्याच्या शेजारी बसला. दुपारचं ऊन होतं. थोड्या वेळाने मुलाने मास्क वर करून विचारलं, "काकू, काढू का?"

"काढा बाप्पा," ताई म्हणाली. "पण मंग डबाबी संगं घेऊन जा."