मुलाखतीतला श्रावण

डेटा सायंटिस्टच्या मुलाखतीत काय विचारतात, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. एका ठिकाणी संभाव्यतेची गणितं घातली, एका ठिकाणी कोड लिहायला लावला, आणि एका साहेबांनी तासभर स्वतःचंच कौतुक ऐकवलं.

मालाडची मुलाखत आली तेव्हा माझी जुनी कंपनी आमची अख्खी टीम बंद करून मोकळी झाली होती. मुलुंडच्या घरात मी कित्येक महिने लॅपटॉपसमोर बसून होतो. बाबा जुने गिरणी कामगार. ते काही विचारत नसत, आणि त्या न विचारण्याचीच मला भीती वाटायची. ही नोकरी मला हवीच होती.

कंपनी घरपोच मासळी आणि चिकन देणारी. त्यांनी आधी घरी सोडवायला एक काम दिलं: ही दोन वर्षांची रोजची विक्री, यावरून पुढची किती होईल ते सांगा. तारखा लपवलेल्या, नुसते दिवसांचे क्रमांक. आलेख काढला, तर दरवर्षी एकदा विक्री आभाळाला भिडायची आणि लगेच महिनाभर झोपायची. मी पडलो पुस्तकी माणूस. तो उंच खांब चुकीची नोंद म्हणून छाटला, पुढच्या महिन्यात सरासरी भरली. आलेख कसा झकास सपाट झाला!

मुलाखतीला समोर दोघं होते. माझ्याच वयाच्या एक बाई आणि एक अबोल गृहस्थ. बाईंनी आलेखावर बोट ठेवलं.

"इथला खांब कुठे गेला?"

"चुकीची नोंद होती. काढली."

"दोन्ही वर्षी? आणि पुढचा महिना?"

"सर्व्हर बंद असेल."

"तुम्ही मासे खाता?"

"मालवणी आहे, मॅडम," मी जरा दुखावूनच म्हणालो.

"श्रावणातपण?"

खुर्चीतून उठून पळून जावंसं वाटलं. गटारीला बाजारात सुरमईसाठी रांग लावणारा मी, दुसऱ्या दिवसापासून घरात मासळीचं नाव नाही, आणि तीच गटारी मी चूक म्हणून कापून टाकली होती!

मग काय झालं कोण जाणे, मी सुटलोच. फळ्यावर सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार मांडले. अबोल गृहस्थ म्हणाले, सगळी गिऱ्हाइकं थोडीच पाळतात? मी त्यांच्याशी चक्क भांडलो. मग विभागवार बघा ना, मुस्लिमबहुल गोवंडीत श्रावणात विक्री पडणार नाही, मुलुंडमध्ये पडेल. दोघंही हसले. मला हसले की खूश झाले, काही कळलं नाही.

"हे आधी का नाही सुचलं?" बाईंनी विचारलं. मी फळा पुसायला घेतला.

आठवड्याने फोन आला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, मुलाखत छानच झाली, पण ती जागा सध्या भरायची नाही असं वरून ठरलंय.

"म्हणजे मी नापास?"

"नाही सर, तसं नाही."

"मग पास?"

"तसंही नाही, सर."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "काय झाला?" मी सगळं सांगितलं.

"मगे बोलवल्यानी कित्याक?"

"माहीत नाही, बाबा."

त्यांनी टीव्ही बंदच केला. मग म्हणाले, "आमची गिरण बंद झाली, तेव्हा गेटार नोटीस तरी लावलेली."

इतके महिने आवरलेलं रडू मला तेव्हा फुटलं.