बाटली आडवी केली तो दिवस

लग्न होऊन मी नांदुऱ्याला आले त्याला जमाना झाला, पण मतदार यादीतलं माझं नाव डोणगावजवळच्या माहेरच्या गावातच राहून गेलं होतं. एक दिवस वहिनीचा फोन आला, "ताई, परवा मतदान हाय, तुम्हाले यावंच लागते. अन् ह्यायले काही सांगू नोका!"

'हे' म्हणजे माझा धाकटा भाऊ. शेतातून घरी यायच्या वाटेवर देशी दारूचं दुकान होतं आणि ते त्याला काही केल्या ओलांडता येत नव्हतं. वहिनी पार रडकुंडीला आली होती.

ते दुकान ठेवायचं की नाही, यावरच मतदान होतं. मत फक्त बायकांना. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. ना उमेदवार, ना पक्ष, ना थापा. इतकी सुटसुटीत लोकशाही मी जन्मात पाहिली नव्हती! पण त्यातही पाचर होतीच. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी करायला हवी होती. जी आली नाही ती आपोआप दुकानदाराची, मग ती बाळंतीण असो की यादीत राहून गेलेली एखादी मेलेली म्हातारी.

म्हणून यादीत नाव राहून गेलेल्या गावच्या झाडून साऱ्या लेकी बोलावल्या होत्या. मी एसटीतून उतरले, तर समोर भाऊच मोटारसायकल घेऊन उभा. "सहजच आले रे," मी ठोकून दिलं. त्यानं मला थेट शाळेच्या फाटकाशी, मतदानाच्या रांगेतच नेऊन सोडलं. सकाळपासून तो मतदानाला बायकाच आणून सोडत होता म्हणे!

"काऊन रे, हे कशाचं मतदान हाय, माहीत हाय ना तुले?"

"हाव. मले मत असतं त मीबी आडवीच केली असती. माह्यानं सुटत नाही, ताई. तुम्हीच बंद करा."

मला भरून आलं. तेवढ्यात एक म्हातारी काकू मत देऊन बाहेर आली आणि ओरडली, "पाडली व माय, उताणी पाडली!" अख्खी रांग खिदळायला लागली. बंदोबस्तावरचा पोलीसही तोंड फिरवून हसला. डोळे पुसत पुसत मीही हसले.

संध्याकाळी निकाल लागला. बाटली आडवी! ढोल वाजले, गुलाल उडाला, वहिनी तर पदर खोचून नाचली. मीही माझ्या गुडघ्यांना न विचारता नाचले. लोकांना सरळ विचारावं, सरळ उत्तर मिळतं, असं मी येईल त्याला सांगत सुटले होते.

निघताना भाऊच स्टँडवर सोडायला आला. त्याच्याही कपाळाला गुलाल होता. एसटी आली तशी त्यानं माझी पिशवी वर दिली आणि हळूच म्हणाला, "ताई, डोनगावातबी लावा ना व हे मतदान. तिथलं दुकानबी काही लांब नाही."